आठवण ठेवणारं चक्र

“सर, एक बात पूछें? चक्र को हमारी याद रहती है क्या?”

चिन्मयी कान्हेरेने हा प्रश्न भर वर्गात, ताठ उभं राहून, माइक तोंडाशी धरून विचारला. पैज मेघनाची होती. सकाळी ऑटोत ती म्हणाली होती, “दम असेल तर सरांना विचारून दाखव. नाहीतर आमच्यापुढे गणित नको झाडू.” त्यावर प्रणोतीने तेल ओतलं, “ही काय विचारते! सर दिसले की हिची बोबडी वळते.”

वळायची, आधी. पण गेल्या महिन्यात चिन्मयीला चक्रावर सोनेरी पाकळी लागली आणि तेव्हापासून तिचा आवाज एकदम मोठा झाला होता. इतका, की आई म्हणायची, “चिनू, घरात माइक नाहीये गं.”

हे चक्र काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये दातांच्या दवाखान्यावरचे तीन मजले ‘त्रिज्या क्लासेस’चे. खालच्या दोन मजल्यांवर जांभळे दिवे, बाकाबाकावर वाटाण्याएवढा कॅमेरा आणि प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी. नजर पडद्यावरून जरा हलली की पट्टी थरथरायची. पडद्यावर गणिता दीदी. गुलाबी कुर्ता, लांब वेणी, कॉम्प्युटरने घडवलेला चेहरा. तिला खोकला येत नसे, ठसका लागत नसे आणि कुणाचा चेहरा पडलाय हेही कळत नसे. कॅमेऱ्याला कळायचं, पण कॅमेरा तिला सांगायचा नाही, दुसऱ्याच कुणाला तरी सांगायचा. “दीदी, समझ में नहीं आया,” म्हटलं की ती गोड हसून तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणायची.

सगळ्यात वर ध्रुव हॉल. तिथे खुद्द पटेरिया सर शिकवायचे, हातात खडू घेऊन, बाहीला भुकटी लावून. शंका विचारली की थांबायचे, डोकं खाजवायचे, दुसऱ्या वाटेने समजावून सांगायचे. थोडक्यात, वर जिवंत माणूस होता. आणि जिवंत माणूस कुणाला मिळणार हे ठरवायचं चक्र. दर शनिवारी खालच्या मजल्यांवरच्या प्रत्येकाच्या टॅबवर आठ सारख्या पाकळ्यांचं चक्र फिरे. सात पाकळ्या निळ्या, एक सोनेरी. काटा सोनेरीवर थांबला तर पुढचे सहा महिने ध्रुव हॉल. नाही थांबला तर दीदी.

चिन्मयीला सोनेरी लागली त्या संध्याकाळी बाबांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जलेबी आणून शेजारीपाजारी वाटली होती. जणू पोरीने परीक्षाच जिंकली!

तर, प्रश्न. सोमवारची शंका-समाधानाची वेळ, म्हणजे तो खालच्या सगळ्या पडद्यांवरही ऐकू गेला. पटेरिया सर हसले.

“बेटा, सिक्के को याद नहीं रहती, पासे को नहीं रहती, तो चक्र को कैसे रहेगी? यही तो प्रायिकता का पहला पाठ है.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिन्मयी खाली बसली. प्रायिकता म्हणजे आपली संभाव्यता, तेवढं तिलाही येत होतं. फाशाला, नाण्याला आठवण नसते. मागे काय पडलं त्याचा पुढच्या डावाशी संबंध नाही. हे तिने स्वतःच शकुला दहादा समजावलं होतं. मग शकुचा काटा असा का वागत होता?

शकु बोरकुटे. वडील सरकारी फॅक्टरीत, विदर्भातल्या पुलगावहून बदली होऊन गेल्या वर्षी जबलपूरला आले. घरात, शाळेत, सगळीकडे तोवर मराठीच. हिंदी तिला कळायची, पण हळूहळू, आणि दीदीला हळूहळू माहीतच नव्हतं. समीकरण सुटायच्या आत दीदी पुढच्या धड्यात पोचलेली असायची. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, सहामाहीत गणित राहिलं तर मामाकडे, परत पुलगावला. शकुला जायचं नव्हतं. तिला इथली शाळा आवडली होती, हॉकीचं मैदान आवडलं होतं आणि (हे ती सांगत नसे) चिन्मयी आवडली होती. तिला फक्त एक माणूस हवा होता, जो थांबेल.

आणि तिचा काटा दर शनिवारी सोनेरी पाकळीला अगदी खेटून थांबायचा. कधी एक घर अलीकडे, कधी एक घर पलीकडे.

“थोडक्यात चुकून राहिलं बघ,” शकु आशेने म्हणायची. “इतक्यांदा नाही लागलं म्हणजे आता लागणारच.”

“अगं बाई, असं नसतं! चक्राला काय तुझी दया येते?”

“मग जवळ जवळ काहून येते ते?”

इथे चिन्मयी मनात घरं मोजू लागायची. आठ घरं. सोनेरीच्या शेजारची दोनच. खरंच नशिबाने फिरत असतं तर कधी समोरच्या टोकाला, कधी तिरकं, कुठेही थांबलं असतं. दर वेळी शेजारीच? हे नशीब नव्हतं. कुणीतरी शकुच्या नाकासमोर मिठाई धरून ओढून घेत होतं.

त्या सोमवारी घरी जाताना तिने ऑटोत विषय काढला. “मला कधी लागलं, आठवतं?”

“आठवतं ना! डोकं खाल्लं होतंस आमचं,” मेघना म्हणाली. “त्याच्या आदल्याच दिवशी तर तू रडत होतीस, क्लास सोडते म्हणून.”

खरंच की! त्या शुक्रवारी चिन्मयीने टॅबवर दीदीला टाइप केलं होतं, ‘बोर हो गई. पापा दूसरी जगह डाल रहे हैं.’ दीदीने उत्तर दिलं होतं, ‘हमें दुख होगा, चिन्मयी.’ आणि शनिवारी सोनेरी पाकळी.

म्हणजे ते नशीब नव्हतं. हुशारीही नव्हती. महिनाभर ती ज्याच्या जोरावर मान वर करून फिरत होती, ते एक आमिष होतं. इतका संताप आला तिला, की ऑटोवाले भैया आरशातून म्हणाले, “दीदी, सीट मत फाड़ो.”

“प्रयोग करायचा,” ती म्हणाली. “नुसतं ‘वाटतं’ नको. खालच्या मजल्यांवरच्या सहा जणी पाहिजेत. तिघींनी दीदीला सांगायचं, आम्ही सोडून चाललो. तिघींनी सांगायचं, किती छान, आम्ही कुठ्ठे जाणार नाही.”

“आणि नाही जुळलं तर?” प्रणोतीने विचारलं.

“तर मी भर वर्गात सरांची माफी मागीन. माइकवर.”

या बोलीवर मेघना आणि प्रणोती, दोघी अजून खालीच दीदीकडे होत्या, लगेच तयार झाल्या, कारण दोन्हीकडून मजाच होती. सोडून जाणाऱ्यांत तिसरी सिहोऱ्याहून बसने येणारी गीतांजली. राहणाऱ्यांतही तिघी सापडल्या. सोडून जाणाऱ्यांत चिन्मयीला खरं तर शकु हवी होती. ती मात्र हटून बसली.

“मी नाही खोटं बोलणार दीदीशी.”

“अगं, मशीन आहे ती!”

“असू दे. चक्र झालं की दर शनिवारी विचारते मला, काही आपत्ती आहे का म्हणून. इथं आल्यापासून असं कुणी विचारलं मला? सर विचारतात? तू तरी विचारतेस?”

असतील चार गोड वाक्यं भरून ठेवलेली, असं मनाशी म्हणून चिन्मयीने तो विषय सोडून दिला. शकु प्रयोगाबाहेर राहिली.

शनिवार आला. तिघी जाणाऱ्या, तिघींना सोनेरी पाकळी! मेघना तर बाकावरच उभी राहिली आणि तिची पट्टी पिसाटासारखी थरथरू लागली. राहणाऱ्या तिघींचे काटे सोनेरीला खेटून थांबले. शकुचाही.

चिन्मयीने हिशेब तळहातावरच मांडला. एकीला लागायची शक्यता आठात एक. तिघींना एकदम लागायची, आठ गुणिले आठ गुणिले आठ, पाचशे बारांत एक. आणि उरलेल्यांचे काटे मुकाट शेजारीच थांबायचे, ते तर वेगळंच. म्हणजे चक्राला सगळं आठवत होतं. कोण कंटाळलंय, कोण निघालंय, कोण मुळीच जाणार नाही. जो विश्वास टाकून बसलाय त्याला नुसतं झुलवायचं, जो दारापाशी पोचलाय त्याच्या हातावर साखर ठेवायची. आणि हे गणिताच्या क्लासमध्ये! संभाव्यतेचा धडा शिकवतात, त्याच इमारतीत!

सोमवारी ती सरांच्या काचेच्या केबिनमध्ये धडकली. या वेळी कुणी पैज लावली नव्हती.

“आओ, याददाश्त वाली बिटिया,” सर म्हणाले.

तिने सगळं सांगितलं. प्रयोग, तिघी, पाचशे बारा. तिला वाटलं होतं, सर चिडतील, नाकारतील. सर कौतुकाने ऐकत होते. त्यांचे डोळे खरोखर चमकले, आणि तेच तिला जास्त लागलं.

“वाह. पूरे जबलपुर में किसी बच्चे ने यह नहीं सोचा. देखो बेटा, जो ग्राहक दुकान से उठ रहा हो, आवाज़ उसी को दी जाती है. जो बैठा है, उसे कौन बुलाता है?”

“तो शकु का कभी नहीं लगेगा?”

“शकुंतला? बड़ी अच्छी बच्ची है. आज तक एक शिकायत नहीं.” सरांनी आपला पडदा तिच्याकडे वळवला. “हर बार चक्र के बाद पूछा जाता है. यह देखो. ‘क्या आपको परिणाम पर कोई आपत्ति है?’ हर शनिवार उसने दबाया है, ‘नहीं’. जिसे आपत्ति ही नहीं, उसके लिए तुम क्यों लड़ रही हो?”

चिन्मयी पडद्याकडे बघतच राहिली. आपत्ति. हिंदीतली आपत्ति. हरकत, तक्रार. आणि शकुची आपत्ती म्हणजे संकट! दर शनिवारी हरल्यावर तिला वाटायचं, दीदी विचारते आहे, बाळ, तुझ्यावर काही संकट तर नाही ना? आणि ती शहाण्या मुलीसारखी सांगायची, नाही दीदी, सगळं ठीक आहे. त्या मशीनने तिचा तो भाबडा ‘नहीं’ दर वेळी तिच्याच विरुद्ध जमा करून ठेवला होता. आणि चिन्मयीने ऐकलं होतं तो शब्द, तिच्याच तोंडून! पण दोघी मराठीत बोलत होत्या, म्हणून तोही मराठीच वाटून कानावरून गेला.

“सर,” तिचा आवाज फाटला, “मराठी में आपत्ती मतलब मुसीबत होता है! वो समझी दीदी उसका हाल पूछ रही है!”

सर खो-खो हसले. “अरे! यह तो ग़ज़ब हो गया. चलो, अगली सभा में सुनाएँगे.”

हसले. चिन्मयीला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. भावाने तिची सायकल विहिरीत टाकली होती तेव्हाही नाही.

तिचा चेहरा पाहून सर पुढे झुकले. आवाज मऊ केला. “अच्छा, सुनो. इस शनिवार शकुंतला का लग जाएगा. मैं बोल रहा हूँ. ऊपर आ जाएगी, तुम्हारे बगल में बैठेगी. बस, यह पाँच सौ बारह वाली बात हमारे-तुम्हारे बीच.”

घ्या! चक्राला आठवण नसते म्हणणारा माणूस शनिवारी काय लागणार ते सोमवारीच सांगत होता.

पण खरी पंचाईत पुढेच होती. तोंड बंद ठेवलं तर शकुला माणूस मिळणार होता. गणित सुटणार होतं, पुलगाव टळणार होतं. आणि तोंड उघडलं तर? “सोचकर बताती हूँ,” एवढंच म्हणून ती बाहेर आली आणि थेट फॅक्टरीच्या क्वार्टरकडे निघाली. हे ठरवायचा हक्क तिचा एकटीचा नव्हता.

शकु अंगणात हॉकीस्टिकला पट्टी गुंडाळत बसली होती. चिन्मयीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आपत्तीचं ऐकून शकु आधी हसली. अगदी पोट धरून. मग हसताहसताच तिचं तोंड वाकडं झालं.

“म्हणजे ती माझी विचारपूस नव्हती करत.”

“नाही गं.”

“आणि मी देवाला सांगत होते, एवढी माया लावणारी दीदी मिळाली म्हणून.” तिने स्टिक खाली ठेवली. मग परत उचलली. “दर शनिवारी घरी येऊन आईला सांगायची मी, थोडक्यात चुकलं. आईनं नवसही बोलला.”

“शकु, सर म्हणतात तसं केलं तर तू वर येशील. शनिवारीच. मी काही बोलणार नाही. तू म्हणशील तसं.”

शकुने स्टिकवरची पट्टी उलगडून पुन्हा गुंडाळली. आतून कुकरच्या शिट्या येत होत्या.

“खाली किती जण आहेत चिनू? माझ्यासारखे, नहीं दाबणारे?”

“खूप.”

“मग मला नको.” शकु गणितात अडखळायची, पण इथे अडखळली नाही. “उद्या वर बसलेली असताना मला तेच दिसत राहतील. आणि सर समजावायला थांबले तरी मला वाटेल, हे माझ्यासाठी नाही थांबून राहिले, तुझं तोंड बंद ठेवायला थांबून राहिले.”

“आणि सहामाही? मामा?”

“तू सांगितलेलं कळते मला.” शकु खाली बघत म्हणाली. “ते त्रिकोणाचं ऑटोत सांगितलं होतंस ना, सीटवर बोटानं काढून? तेवढंच कळलं वर्षभरात.”

चिन्मयीला वाटलं होतं आपण मोठ्या शूर. समोर बसलेली ही पोर, जिला चक्राने वर्षभर नाचवलं, ती एका वाक्यात सोनेरी पाकळी परत करून मोकळी झाली होती.

परतताना तिने मेघनाला फोन लावला आणि तोंड उघडलं ते पुरतं उघडलं. मेघना ऐकून आधी सरांच्या नावाने आठवतील तेवढ्या शिव्या घालत सुटली, मग म्हणाली, “थांब तू. शुक्रवारी दोन्ही मजल्यांवरचं एकूण एक पोरगं दीदीला लिहील, आम्ही चाललो. बघू किती सोनेरी पाकळ्या काढते ती! वरच्या हॉलमध्ये जिन्यापर्यंत बसवावं लागेल सरांना.”

“आणि चक्र झाल्यावर?”

“आपत्ति, हाँ. हाँ, हाँ, हाँ. बटन मोडेपर्यंत.”

चिन्मयी घरी पोचली तेव्हा आई मटार सोलत होती आणि बाबा रेल्वे ऑफिसातून नुकतेच येऊन चहा घेत होते. टीव्हीवर बातम्या होत्या. बाबांनी तिला पाहिलं आणि लगेच म्हणाले, “आला आमचा ध्रुवतारा! पटेरिया सरांचा फोन होता. फार स्तुती करत होते. म्हणाले, मुलगी असामान्य आहे, फक्त जरा शांत राहायला शिकवा.”

बस. तिने टीव्ही बंद केला.

“अगं, काय हे? काय करून राहिली?” आई.

“आई, बाबा, मध्ये बोलू नका. तिथे मला नशिबाने नाही घेतलं आणि हुशारीनेही नाही घेतलं, मी पळून जाईन म्हणून घेतलं. कसं ते मी तुम्हाला पाचशे बारा पद्धतींनी समजावून सांगते, पण नंतर. आधी जे ठरलंय ते ऐका.”

बाबांचा कप अर्ध्यात थांबला. “ठरलंय? कुणी ठरवलं?”

“मी. मी त्रिज्या सोडली. उद्यापासून नाही, आजपासून. दुसऱ्या क्लासचं नाव काढू नका, मला अडलं तर मी आई शिकवते त्या शाळेतल्या गणिताच्या मॅडमना विचारीन, त्या जिवंत आहेत. आणि शकु रोज संध्याकाळी आपल्याकडे येणार. तिला गणित मी शिकवणार, मराठीतून, तिला कळेपर्यंत. सहामाहीत ती पास होणार म्हणजे होणार. बाबा, हा टीव्ही तुमच्या खोलीत जाईल, कारण या भिंतीवर मला फळा पाहिजे.”